हल्लीची भुतं घाबरवतच नाहीत!

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर थंडी पडली की पोपटी लागते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जमलं तर मसाला लावलेली कोंबडी भरायची, वर-खाली भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा नि काटक्या रचून पेटवून द्यायचं. आत पाण्याचा थेंबही घालायचा नाही. शिजायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ शेतात, अंधारात, जाळाभोवती बसून करायचं काय? तर भुताच्या गोष्टी सांगायच्या. ही आमच्याकडची जुनी पद्धत. कुणाला खाडीवरून येताना चकवा लागला होता, कुणाच्या आजोबांना वडाखाली विडी मागणारा माणूस भेटला होता. आणि गंमत म्हणजे या गोष्टींत भूत दिसायचं नाहीच. रहाट आपोआप फिरल्याचा आवाज यायचा, नाही तर मागून कुणी तरी नावानं हाक मारायचं. तेवढं पुरे व्हायचं. घरी परतताना आम्ही मुली एकमेकींचे हात घट्ट धरून चालायचो.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र पोपटीला बसलेली आमची मुलं भुताच्या गोष्टी सांगत नाहीत, तर मोबाइलवर भुताच्या सिनेमाचं ट्रेलर दाखवतात. आणि ट्रेलर संपलं की हसतात. घाबरत कुणीच नाही. मला वाटलं, आपलं वय झालं, आपल्याला आताचं काही आवडत नाही म्हणून आपल्याला भीती वाटत नसेल. पण नाही हो! कॉलेजात जाणारी माझी मुलगीही म्हणाली, "आई, भीती नाही वाटत, फक्त आवाज मोठा होतो तेव्हा दचकायला होतं." अगदी नेमकं बोलली. दचकणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. कुकरची शिट्टी झाली तरी माणूस दचकतंच की!

मी काही सिनेमाची जाणकार नाही. बी.ए.ला मराठी होतं, वाचनाची आवड आहे, घरचं आटपलं की बचत गट आणि महिला मंडळाच्या कामाला बाहेर पडते. पण भुताचे आणि विज्ञानातल्या कल्पनांचे सिनेमे हे दोन प्रकार मला पहिल्यापासून प्रिय. त्यामुळे गेल्या दोन वर्षांत आलेले बरेचसे पाहिले. काही थिएटरात पाहिले, बरेचसे मुलीनं घरी लावून दिले. आणि मैत्रिणींनो, मनापासून सांगते, वाईट वाटलं.

सुरुवात 'मुंज्या'पासून करते, कारण तो आपला, कोकणातला. 7 जून 2024 ला आला, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार म्हणजे मराठी माणूस, शंभर कोटींच्या वर धंदा केला. ऐकून आनंदच झाला होता. मुंज्या म्हणजे कोण हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत पोर गेलं की त्याचा मुंज्या होतो, तो पिंपळावर राहतो, ही समजूत घरोघरी होती. सिनेमाची सुरुवात 1952 सालच्या कोकणातल्या एका गावात होते. मोठ्या मुलीवर जीव जडलेला हट्टी पोरगा, तिचं लग्न दुसरीकडे ठरतं, त्याची मुंज लावून देतात आणि तो रात्री धाकट्या बहिणीला घेऊन झाडाखाली अघोरी विधी करायला जातो. तिथेच मरतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं मी पदर तोंडाशी धरून बसले होते, खरंच!

आणि मग? मग तो मुंज्या संगणकावर बनवलेला एक टुणटुणीत प्राणी होऊन झाडांवरून उड्या मारायला लागला, "मुन्नी, मुन्नी" करायला लागला, हिरोशी विनोद करायला लागला. भीती तिथेच संपली. खरी गोष्ट होती ती त्या बहिणीची. तिला सख्खा भाऊ बळी द्यायला घेऊन गेला होता. ती वाचली, मोठी झाली, आजी झाली. ही आजी सुहास जोशींनी केली आहे, म्हणजे नट केवढ्या ताकदीची! सत्तर वर्षं त्या बाईनं ते मनात कसं ठेवलं असेल? माहेरी कोणाला सांगितलं असेल का? रात्री झोप लागत असेल का? त्या आजीलाच सिनेमा मध्येच संपवून टाकतो आणि पुढे सगळा धुडगूस. शेवटी गाणं, नाच, आणि वर दुसऱ्या सिनेमातलं पात्र येऊन पुढच्या भागाची जाहिरात करून जातं. म्हणजे आता भुतांचंसुद्धा एकत्र कुटुंब आहे. 'स्त्री', 'भेडिया', 'मुंज्या', 'स्त्री 2', आणि 2025 च्या दिवाळीत आलेला 'थामा', हे सगळे एकमेकांचे नातेवाईक. प्रत्येक सिनेमात पाहुणा येतो नि जातो. घरात लग्न असल्यासारखी वर्दळ! अशा गर्दीत भूत कसं येणार? भुताला आधी एकांत लागतो.

आपल्याकडची भुतं आठवून बघा जरा. लहानपणी नुसती नावं ऐकली होती, कामाला लागल्यावर त्यांचा अर्थ कळला. बाळंतपणात गेलेली बाई, तिची अळवंतीण किंवा हडळ. सवाष्ण मेली तर जखीण. विधवा मेली तर लावसट. पाण्यात बुडालेल्याचा गिऱ्हा. पोर गेलं तर मुंज्या. यादी नीट पाहिली तर लक्षात येतं की ही भुतांची यादी नाहीच, गावात कोण कोण अकाली गेलं त्याची नोंदवही आहे. ज्या बायकांना जिवंतपणी कुणी विचारलं नाही त्यांची मेल्यावर भीती वाटायला लागली. बाळंतिणी मरायच्याच हो तेव्हा, घरटी एखादी गोष्ट असायची. सुईण, अंधारी खोली, जुनेर, विळ्यानं कापलेली नाळ. आणि मेलेल्या बाईनं परत येऊ नये म्हणून वाटेत खिळे ठोकायचे, धान्याचे दाणे टाकायचे. तिच्यासाठी रडायचं सोडून तिची वाट अडवायची! महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे दगावणाऱ्या आयांचा आकडा 2018 ते 2020 च्या सरकारी पाहणीत 33 वर आला होता. आमच्या भागात हडळ दिसेनाशी झाली ती विजेचे दिवे आले म्हणून, असं सगळे म्हणतात. माझं मत विचाराल तर तिला घालवली ती नर्सबाईंनी आणि आशाताईंनी.

तर सांगायचं असं की, भुताच्या गोष्टीच्या पोटात दुःख असतं. ते दुःख काढून घेतलं की उरतो तो नुसता मुखवटा. हल्लीच्या सिनेमांनी आपल्या आज्यांचे मुखवटे नेले आणि दुःख इथेच टाकून गेले.

'स्त्री 2' घ्या. 15 ऑगस्ट 2024 ला आला नि पाचशे कोटींच्या वर कमावले. गोष्ट काय? डोकं नसलेला सरकटा, जो शिकलेल्या, आपल्या मनानं वागणाऱ्या मुलींना उचलून नेतो. वा, काय कल्पना आहे! बाईनं घरातच बसावं म्हणणारं भूत आणि तेही बिनडोक्याचं! यावरून काय सुंदर सिनेमा झाला असता. पण त्याच सिनेमात मध्येच एक नाच येतो, कमीत कमी कपड्यांतली नटी आणि भोवती माना वेळावणारे पुरुष. बाईला कोंडणाऱ्या राक्षसाविरुद्ध बोलायचं आणि त्याच दमात बाईला शोकेसमध्ये ठेवायचं. आमच्या मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, तो सरकटा बरा, त्याला निदान डोळे तरी नव्हते." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

मला जुनं ते सगळं सोनं असं म्हणायचं नाही. रामसे बंधूंचे सिनेमे आठवतात ना? 'पुराना मंदिर' 1984 चा. त्याचं चित्रीकरण आमच्या मुरूडच्या नवाबाच्या राजवाड्यात झालं होतं. आजही अलिबागहून मुरूडला एस.टी.नं जाताना उजवीकडे समुद्र आणि डोंगराच्या अंगावर तो राजवाडा दिसला की गाडीतला एखादा तरी बोट दाखवून सांगतोच, "इथे सामरी होता!" तो सामरी म्हणजे काय, उंच माणूस, लाल डोळे, तोंडाला मेणासारखं काही तरी फासलेलं. कथा फुसकी, आंघोळीचे नको ते प्रसंग. पोरकट सिनेमे होते ते, कौतुक करायचं कारण नाही. पण राजवाडा खरा होता, दाराची करकर खरी होती, अंधार खरा होता. आता अंधारसुद्धा निळा-हिरवा असतो आणि तो मशीनवर रंगवलेला आहे हे चौथीतल्या पोराला कळतं. 1993 चा 'झपाटलेला' घ्या. महेश कोठारेंचा विनोदी सिनेमा, लक्ष्मीकांत बेर्डे असल्यावर विनोद असणारच. तरीही रामदास पाध्येंचा तो तात्या विंचूचा बाहुला मान वळवायचा तेव्हा पोरं खुर्चीत पाय वर घ्यायची. कारण हातानं हलवलेला का असेना, तो तिथे होता. तोच बाहुला 2013 मध्ये थ्रीडीत आला, चष्मे लावून पाहिला आणि विसरून गेलो.

चांगलं झालंच नाही असंही नाही. 'तुंबाड' पाहिलात का? राही अनिल बर्वे यांचा. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा फारसा कुणी पाहिला नाही. 13 सप्टेंबर 2024 ला परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला! नव्या भुतांना कंटाळलेली माणसंच सहा वर्षांपूर्वीच्या भुताकडे परत गेली असणार, दुसरं काय? त्या सिनेमात पाऊस थांबत नाही. आपल्या कोकणातला पाऊस, जो कपडे वाळू देत नाही, भिंतींना बुरशी आणतो, माणसाला आतून ओलं करतो. आणि भूत कसलं, तर हावरटपणाचं. कणकेच्या बाहुल्या करून खाली नेतात तो प्रसंग पाहिल्यावर मला दोन दिवस कणीक मळताना कसंसंच होत होतं! त्यातली विनायकची बायको म्हणजे आपली अनिता दाते, 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका. बोलणं थोडं, पण नवरा सोनं कुठून आणतो हे न विचारणाऱ्या सगळ्या बायका तिच्या चेहऱ्यावर दिसतात. या सिनेमामागे नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे, आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून सुचलेलं. म्हणजे मुळं मराठी पुस्तकांत. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा तर आम्ही मासिकांतून, दिवाळी अंकांतून वाचल्या. मतकरी 2020 च्या मे महिन्यात करोनानं गेले. एवढा साठा घरात असताना सिनेमावाले बाहेर हिंडतात, याला काय म्हणावं?

आणि दुसरा म्हणजे 'लपाछपी', विशाल फुरियांचा, 2017 च्या जुलैमधला. पूजा सावंत पोटुशी बाई, नवऱ्याबरोबर उसाच्या शेतातल्या एकाकी घरात येते. तिथे उषा नाईक यांची तुळसाबाई. प्रेमळ, जेवू-खाऊ घालणारी, आणि हळूहळू अंगावर काटा आणणारी. त्या शेतात फिरणारी भुतं नेमकी कशाची आहेत, मुलींचं त्या घरात काय केलं जायचं, हे कळतं तेव्हा पोटात खड्डा पडतो. कारण ती गोष्ट खोटी नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा 1994 चा आहे, आणि त्यानंतरही सोनोग्राफीच्या खोलीत काय काय चालायचं हे आपल्यापैकी कुणाला माहीत नाही? मंडळातर्फे गावोगाव हे सांगत फिरताना माझं तासाभराचं भाषण जे करू शकलं नाही ते तो सिनेमा करतो.

पण पुढे काय झालं बघा. त्याच दिग्दर्शकानं 2021 मध्ये त्याचा हिंदी अवतार केला, 'छोरी'. बरा होता. मग एप्रिल 2025 मध्ये 'छोरी 2'. आता ऊस मागे पडला, जमिनीखाली भुयारं आली, दासी माँ आली, मंत्रतंत्र आले. जी भीती आपल्या शेजारच्या घरातली होती ती कुठल्या तरी गुहेत जाऊन बसली. प्रेक्षक सुटले! गुहेतल्या राक्षसिणीशी आपला काय संबंध? घरी गेलं, दिवा मालवला, झोप लागली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्यांचाच 'माँ' आला, काजोल असलेला. आई, लेक आणि दैत्य. काजोलचं काम चांगलं आहे, पण दैत्य पुन्हा मशीनवरचा, आणि शेवटी देवीचा अवतार. आईला नुसतं आई म्हणून लढू द्या ना! दर वेळी देवी कशाला करायची?

आता यात माझं काय एवढं अडलंय, सिनेमा नाही आवडला तर बंद करावा, असं आमचे हे म्हणतात. म्हणूनच पुढचं लिहिते आहे.

आमच्या कामाच्या भागातल्या एका वाडीत दीड-दोन वर्षांपूर्वी एक मुलगी बाळंतीण झाली. गाव आणि नाव लिहीत नाही. बाळंतपण दवाखान्यात सुखरूप झालं, बाळ उत्तम. पण तिसऱ्या आठवड्यापासून पोरीचं बिनसलं. बाळाला जवळ घेईना, जेवेना, रात्र रात्र जागी, भिंतीकडे बघून पुटपुटायची, मध्येच रडायची. सासू काही वाईट बाई नव्हे हो, सुनेला पाटावरून उठू न देणारी. पण तिनं मला काय सांगितलं? "ताई, ही हिची ही नाय. केस मोकळे सोडून बसतंय, डोळे बघा कसे करतंय. शिनेमात दाखवतात तसंच सगळं." भगताकडे दोन फेऱ्या झाल्या होत्या. त्यानं अमावास्येला काय काय करायचं सांगून ठेवलं होतं, त्यात चटका द्यायचंही होतं. बाळंतिणीच्या अंगाला!

बाळंतपणानंतर मन आजारी पडतं, त्याला औषध आहे, वेळेत दिलं तर बाई पूर्ण बरी होते, हे सांगायला मला त्या घरी चार वेळा जावं लागलं. आशाताई बरोबर होत्या म्हणून निभावलं. सासऱ्यांना जादूटोणाविरोधी कायद्याचं सांगितलं. ऑगस्ट 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. अघोरी प्रकाराला सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. कायद्याला घाबरले की मला, माहीत नाही, पण मुलीला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्यायला तयार झाले. गोळ्या सुरू झाल्या. तीन-चार महिन्यांत पोरगी बाळाला कडेवर घेऊन हळदीकुंकवाला आली.

सासूनं सिनेमा पाहिला म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही. भगत सिनेमाच्या आधीपासून आहेत. पण 'शिनेमात दाखवतात तसंच' हे तिचे शब्द मी विसरू शकत नाही. मोकळे केस, पांढरं लुगडं, फिरलेले डोळे ही भुताची खूण कुणी ठरवून दिली? त्याच त्या खुणा वर्षानुवर्षं प्रत्येक सिनेमात. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका 2016 मध्ये सुरू झाली तेव्हा कोकणातून विरोध झाला होता, अंधश्रद्धा वाढेल म्हणून. मला वाटतं विरोध भुताला नको, आळसाला हवा. बाईचं दुःख समजून न घेता तिचे फक्त केस मोकळे सोडायचे, हा आळसच की.

विज्ञानाच्या सिनेमांचंही हेच. फेब्रुवारी 2024 मध्ये 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' आला, शाहिद कपूर नि क्रिती सनॉनचा. हिरो यंत्रमानव बनवणाऱ्यांपैकी एक आणि प्रेमात कुणाच्या पडतो, तर यंत्राच्या बाईच्या! तिला घरी आणतो, घरचे खूश. सून सुंदर, उलट बोलत नाही, सांगितलेलं ऐकते, कामाला थकत नाही, बॅटरी संपेपर्यंत! पाहताना मला आधी हसू आलं आणि मग राग. हसण्यावारी नेलं नसतं तर केवढा प्रश्न होता हा. आपल्या घरांना सून हवी असते की यंत्र? एखाद्या सासूनं त्या यंत्राला विचारायला हवं होतं, "बाई गं, तुला माहेरची आठवण येते का?" आणि यंत्र गप्प राहायला हवं होतं. विज्ञानकथा तिथे सुरू झाली असती. पण सिनेमा नाचगाण्यात रमला.

'कल्की 2898 एडी' त्याच वर्षी जूनअखेरीस आला. त्यातली कल्पना तर अंगावर येणारी होती. पुढच्या काळात मूल धारण करू शकतील अशा बायकांना पकडून एका प्रयोगशाळेत नेतात, नावाऐवजी नंबर देतात, त्यांच्या गर्भातलं सत्त्व काढून घेतात. दीपिका पदुकोण अशी एक नंबरवाली बाई. आता यापेक्षा भयंकर काय असतं? शिवाय हे भविष्यातलंही नाही. ऊसतोडीत खाडा नको म्हणून आपल्या बीड जिल्ह्यात बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याच्या बातम्या 2019 मध्ये आपण वाचल्या आहेत. एका प्रसंगात जरी त्या प्रयोगशाळेतल्या दोन बायका एकमेकींशी धड बोलल्या असत्या ना! पण नाही. गाड्या, बंदुका, मारामाऱ्या, अश्वत्थामा. अमिताभ बच्चन या वयात काय काम करतात, मानलं पाहिजे. पण तीन तासांनंतर डोकं दुखत होतं आणि ती बाई काय विचार करत होती ते कळलंच नव्हतं. इंग्रजी सिनेमांची कथाही निराळी नाही. 1993 चा 'ज्युरासिक पार्क' आपण हिंदीतून पाहिला. त्यात ग्लासातलं पाणी थरथरतं तेव्हा श्वास अडकला होता. 2025 मध्ये त्याच मालिकेतला सातवा आला. डायनासोर वाढले, थरथर गेली.

ज्या मराठीत जयंत नारळीकर होऊन गेले त्या मराठीला विज्ञानाचा एक धड सिनेमा नसावा? 'फुंतरू' म्हणून एक प्रयत्न 2016 मध्ये झाला होता, केतकी माटेगावकरचा. पुढे काही नाही. नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावानं पाठवली होती, आपल्या नावाकडे पाहून बक्षीस मिळायला नको म्हणून. बक्षीस मिळालंच. त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी आमच्या वाचनालयातली प्रत इतकी हाताळलेली आहे की दोऱ्यानं शिवली आहे. 20 मे 2025 ला पुण्यात ते गेले तेव्हा वाचनालयात आम्ही चौघी-पाचजणींनी बसून त्यांच्या गोष्टी वाचल्या.

आणि गोष्टी शोधायला अमेरिकेत कशाला जायचं? अलिबागला समुद्राकडे जाताना चुंबकीय वेधशाळा लागते. 1904 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते आहे. ती आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी नोंदी बिघडणार, म्हणून शांत जागा शोधत शास्त्रज्ञ अलिबागला आले. इथल्या नोंदींच्या इमारती मुद्दाम लोखंड टाळून बांधलेल्या, कारण एक खिळासुद्धा यंत्राला फसवू शकतो. 1859 च्या सप्टेंबरात सूर्यावरून एवढं मोठं वादळ आलं की युरोप-अमेरिकेत तारयंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. त्या वादळाची नोंद कुलाब्याच्या यंत्रानं केलेली आहे. 2024 च्या मे महिन्यात पुन्हा मोठं सौरवादळ झालं, लडाखमध्ये आकाश लाल दिसलं, आणि आम्ही इथे आंबे उतरवत होतो, कुणाला पत्ताही नाही. आता कल्पना करा, त्या वेधशाळेत रात्रपाळीला एकटी बसलेली एखादी आपल्यासारखी बाई. समोरची रेघ हलायला लागते. बाहेर समुद्र शांत आहे, गाव झोपलेलं आहे, आणि काय येतंय ते फक्त तिलाच कळलेलं आहे. याला कोट्यवधी रुपये लागणार आहेत का?

खरी भीती म्हणाल तर आम्ही 3 जून 2020 ला पाहिली. निसर्ग वादळ. दुपार होती, पण रात्रीसारखा काळोख झाला. सगळ्यांत भयानक होता तो आवाज, वारा ओरडतो म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. पत्रे पानांसारखे उडत होते. आधीच करोनानं घरात कोंडलेलो, त्यात घरच उडायला निघालेलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या सुपारीच्या वाड्या तासाभरात आडव्या झाल्या. आजेसासऱ्यांनी लावलेली, पणतवानं फळ खायचं अशी झाडं. त्यानंतर कित्येक दिवस वीज नाही, फोन नाही. त्या काळोखात एका आजींनी ओटीवर बसून आम्हाला काय सांगावं? त्यांच्या लहानपणच्या वादळात बुडालेल्या होडीची गोष्ट. होडीवरच्या तांडेलाची बायको रोज संध्याकाळी दिवा घेऊन खाडीवर जायची, ती म्हातारी होऊन मेली, तरी दिवा दिसायचाच म्हणे. एवढीच गोष्ट. आम्ही सगळ्या गप्प बसलो होतो. भीती वाटत होती आणि त्याच वेळी बरंही वाटत होतं, कुणी तरी आपल्या पाठीवर हात ठेवल्यासारखं. लेखक-दिग्दर्शक मंडळींनी एक दिवस अशा आजींजवळ येऊन बसावं. मासे आम्ही खाऊ घालू.

तूर्त आमच्या मंडळानं एक बेत केला आहे. या पोपटीला मोबाइल घरी ठेवून यायचे आणि प्रत्येकीनं आपल्या आजीकडून ऐकलेली एक गोष्ट सांगायची. सगळ्या गोष्टी वाचनालयातल्या मुली वहीत उतरवून घेणार आहेत. पुढच्या शनिवारी समाजमंदिरात 'लपाछपी' दाखवायचा आणि नंतर आशाताईंनी बाळंतपणानंतरच्या आजाराबद्दल अर्धा तास बोलायचं, असंही ठरलं आहे. पुरुषांनाही बोलावलंय, सासवांना तर आग्रहानं. प्रोजेक्टर शाळेतून मिळतोय. पडद्यासाठी पांढरी चादर कुणी द्यायची यावर मात्र वाद चालू आहे, कारण भुताच्या सिनेमाला वापरलेल्या चादरीवर नंतर झोपायला एकीच्याही घरचं तयार नाही.